वॉशिंग्टन हे आडनाव मुळात कुठलं?

टाइनकाठची
नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं आम्ही इंग्लंडच्या ईशान्येला, संडरलंडजवळ राहतो. घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा मला वाटलं, अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांवरून गावाला नाव दिलं असेल. नंतर कळलं की उलटं आहे. गाव आठशे वर्षांहून जुनं, आणि राष्ट्राध्यक्षांचं आडनाव या गावावरून आलेलं.

सध्या आई-बाबा आलेत म्हणून परवा त्यांना तिथला 'ओल्ड हॉल' दाखवायला नेलं. दगडी वाडा आहे, मागे छान बाग. मार्गदर्शक बाईंनी सांगितलं की हे कुटुंब आधी दुसऱ्या गावच्या नावाने ओळखलं जायचं, इथे आल्यावर त्यांनी हे नाव घेतलं. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे हे वॉशिंग्टनकर की!"

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. इंग्रजांची गावावरून आलेली आडनावं आणि आपली 'कर' वाली आडनावं खरंच एकाच जातकुळीची आहेत का? आणि गाव सुटून शतकं लोटली तरी नाव कसं काय टिकतं? जाणकारांनी लिहावं.

सुपारी_कातरी
छान धागा! बाबांचं 'वॉशिंग्टनकर' फार आवडलं.

बखरवाचक
ताई, विषय माझ्या आवडीचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्याआधी तिथल्या सामान्य माणसाला एकच नाव असायचं. वंशपरंपरागत आडनाव ही चाल आधी नॉर्मन जहागीरदारांत रुळली आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत खालपर्यंत झिरपली. जहागीरदाराला आडनाव हवं होतं ते जमिनीसाठी. 'अमुक गाव माझं, माझ्यानंतर माझ्या मुलाचं' हे नावातूनच सांगता यायचं. म्हणून त्यांच्या नावात 'दे' येतो. फ्रेंच 'दे' म्हणजे आपला 'चा'.

तुमच्या गावाचा पुरावा तर फारच सुरेख आहे. डरहॅमचा बिशप ह्यू द प्युझे याने 1183 मध्ये आपल्या मुलखाची पाहणी करवली. कोण किती जमीन कसतो, काय देणं लागतो, याची ती नोंदवही. तिला बोल्डन बुक म्हणतात. राजाने 1086 मध्ये केलेल्या प्रसिद्ध डूम्सडे पाहणीत डरहॅम आलंच नव्हतं, त्यामुळे त्या भागासाठी ही वही म्हणजे खजिना. त्यात विल्यम दे हार्टबर्न नावाच्या माणसाची नोंद आहे. त्याने हार्टबर्न गाव बिशपला परत दिलं आणि बदल्यात वॉशिंग्टन घेतलं. चर्च आणि चर्चची जमीन सोडून बाकी सगळं गाव. त्याबद्दल चार पौंड खंड द्यायचा, आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर व्हायचं.

हाच विल्यम पुढे 'दे वेसिंग्टन' झाला. गाव बदललं तसं नाव बदललं. नाव म्हणजे सातबाराच म्हणा ना!

जोशीबुवा_नव्हे
'सातबारा' पटलं. पण मग वॉशिंग्टन या शब्दाचा अर्थ काय? माझ्या भाचीचं म्हणणं, तिथे नदीवर कपडे धूत असतील. ती सात वर्षांची आहे.

बखरवाचक
भाचीला शाबासकी द्या, तर्क करायला लागली आहे. पण धुण्याशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'टून' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, वाडी. आजचा 'टाउन' त्यातूनच आला. मधला 'इंग' हा 'ची माणसं' या अर्थाचा. आणि सुरुवातीला ह्वासा नावाचा कुणी पुरुष, असं स्थलनामांचे अभ्यासक मानतात. थोडक्यात 'ह्वासाच्या माणसांची वाडी'. दक्षिणेत ससेक्समध्येही एक वॉशिंग्टन आहे, त्याची फोडही अशीच करतात.

म्हणजे या आडनावाच्या पोटात आधी माणसाचं नाव, मग त्यावरून गावाचं, मग गावावरून पुन्हा माणसाचं. आणि त्या माणसावरून परत अमेरिकेच्या राजधानीचं.

कोकणी_वारा
सगळं वाचनीय, पण 'वॉशिंग्टनकर' या तुलनेला माझा विरोध आहे. आपल्याकडे गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारतं? तेंडोलीत सगळेच तेंडोलीचे. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला 'तो तेंडोलीचा' म्हणतात, मग पुढे तेंडुलकर होतो. आमच्या कोकणात आणि गोव्यात ही आडनावं म्हणजे गाव सुटल्याची खूण आहे. तुमचा विल्यम मात्र गाव मिळाल्यावर नाव घेतो. एक विरहाचं नाव, एक मालकीचं. दोन्ही एका पारड्यात कशी घालायची?

टाइनकाठची
कोकणी_वारा, हे मनाला लागलं. मी स्वतः गाव सोडून आलेली, त्यामुळे 'विरहाचं नाव' वाचून थांबलेच जरा.

फलटणचा_पाहुणा
कोकणी_वारा, तुमचं म्हणणं कोकणापुरतं बरोबर आहे. पण घाटावर येऊन बघा. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार. निंबळक गावी वस्ती केली म्हणून निंबाळकर झाले, असंच सांगितलं जातं. म्हणजे जुनं नाव मागे पडलं आणि जिथे मुक्काम केला त्या गावाचं नाव लागलं. विल्यम दे हार्टबर्नचं काय वेगळं झालं?

होळकरांचं मात्र तुमच्या बाजूने. नीरेकाठचं होळ हे लहानसं गाव, आणि नाव गाजलं इंदूरला. आपल्याकडे दोन्ही चाली आहेत.

कोकणी_वारा
निंबाळकरांचं उदाहरण चपखल आहे, मान्य. मी सरसकट 'आपल्याकडे' म्हणायला नको होतं. तरी एक सांगतो. इंग्लंडमध्येही साध्या माणसांची गावनावं माझ्याच पद्धतीची असणार. जहागीरदार सोडा, कामासाठी शहरात आलेला विणकर किंवा सुतार हा मागच्या गावाच्याच नावाने ओळखला जाणार.

बखरवाचक
बरोबर. इंग्लंडमध्येही दोन्ही आहेत. गाव मालकीचं म्हणून नाव लावणारे थोडे, आणि गाव सोडलं म्हणून नाव चिकटलेले कितीतरी जास्त. 1377, 1379 आणि 1381 च्या डोईपट्टीच्या याद्यांत अशी माणसं सापडतात. वॉशिंग्टन कुटुंबाचं वैशिष्ट्य असं की त्यांचं नाव सुरू झालं मालकीचं म्हणून, पण पुढे झालं तुमच्या अर्थाचं. एक शाखा लँकशरमधल्या वॉर्टनला गेली, तिथून एक लॉरेन्स वॉशिंग्टन नॉर्दॅम्प्टनला आला, लोकरीच्या व्यापारात शिरला आणि 1532 मध्ये शहराचा महापौर झाला. त्याला ईशान्येकडच्या त्या वाडीशी काही देणंघेणं नव्हतं. नाव तेवढं बरोबर होतं.

आळूचं_फदफदं
हाच का सलग्रेव्ह गावात घर बांधणारा? आम्ही ऑक्सफर्डकडे होतो तेव्हा तिथे गेलो होतो.

बखरवाचक
हो, तोच. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, त्यांच्या जमिनी विक्रीला निघाल्या. सलग्रेव्हची जमीन नॉर्दॅम्प्टनच्या सेंट अँड्र्यूज मठाची होती. लॉरेन्सने ती 1539 मध्ये राजाकडून विकत घेतली आणि तिथे घर बांधलं.

आळूचं_फदफदं
मग माझी भर. त्या घराच्या दरवाजावर दगडात कोरलेली कुटुंबाची मुद्रा आहे. पांढऱ्या ढालीवर दोन आडवे लाल पट्टे, वर तीन लाल चांदण्या. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर अमेरिकेचा झेंडा!" त्यावर तिथल्या आजोबांनी समजावलं की या चांदण्या आकाशातल्या नाहीत. घोडेस्वाराच्या टाचेला जी आर असते, तिच्या काटेरी चाकाची ती आकृती आहे. फ्रेंचमध्ये तिला 'मोलेत' म्हणतात. मला ते इतकं आवडलं की आजही लक्षात आहे.

मेरीलँडकर
आळूताई, सासूबाईंसारखं इथल्याही अनेकांना वाटतं. पण अमेरिकेचा झेंडा त्या मुद्रेवरून घेतला याला पुरावा नाही. 14 जून 1777 च्या ठरावात तेरा पट्टे आणि तेरा तारे आले ते तेरा वसाहतींसाठी. रचनेत स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे फ्रान्सिस हॉपकिन्सन यांचा हात होता, त्यांनी त्याचा मोबदलाही मागितला होता.

मात्र दोन ठिकाणी ती मुद्रा खरोखर आहे. वॉशिंग्टन शहराचा झेंडा बघा, दोन लाल पट्टे आणि तीन लाल तारे, जसाच्या तसा. तो 1938 मध्ये स्वीकारला. दुसरी जागा म्हणजे युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना मिळणारं 'पर्पल हार्ट' पदक, त्याच्या माथ्यावर हीच छोटी ढाल आहे. मी रोज मेट्रोने शहरात जातो. बिशपच्या शिकारीला कुत्रे नेणाऱ्या माणसाच्या वंशजांची मुद्रा इथे रस्त्यारस्त्यावर फडकते, हे आज पहिल्यांदा जाणवलं.

सुपारी_कातरी
पण मग इंग्लंडमधला वाडा सोडून ही मंडळी अमेरिकेला का गेली? सुखाचा जीव दुःखात का घालायचा?

बखरवाचक
सुख राहिलं नव्हतं, म्हणून. नातं आपल्या शब्दांत सांगतो म्हणजे गोंधळ होणार नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे वडील ऑगस्टीन, आजोबा लॉरेन्स, पणजोबा जॉन, आणि खापरपणजोबा पुन्हा लॉरेन्स. हे खापरपणजोबा ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात फेलो होते, नंतर एसेक्समधल्या पर्ली गावच्या चर्चचे धर्मगुरू झाले. यादवी युद्धात ते राजाच्या बाजूचे. 1643 मध्ये पार्लमेंटच्या प्युरिटन, म्हणजे कडक धर्मशिस्तीच्या, मंडळींनी त्यांना काढून टाकलं. आरोप काय, तर गुत्त्यात बसतात. खरं दुखणं राजनिष्ठेचं होतं असं माझं मत. त्यांची बाजू घेणारेही तेव्हा होते. उत्पन्न गेलं, घर विस्कटलं, आणि 1653 मध्ये ते वारले.

मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारी जहाजावर चढला. 'सीहॉर्स ऑफ लंडन' हे ते जहाज. व्हर्जिनियाहून माल भरून परतताना पोटोमॅक नदीत ते वाळूत रुतलं. जॉन तिथेच राहिला आणि ॲन पोप हिच्याशी लग्न करून स्थिरावला. 1657 च्या सुमाराची ही गोष्ट. नव्वद वर्षांच्या आत-बाहेर त्याचा पणतू त्याच नदीकाठी जमीन मोजत हिंडत होता.

जोशीबुवा_नव्हे
एकाच घरात किती लॉरेन्स! आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायचे तसंच हे. वंशावळ लिहिणाऱ्याची काय दैना होत असेल.

बखरवाचक
झालीच होती. इंग्लंडच्या राजमुद्रा खात्याचे प्रमुख सर आयझॅक हर्ड यांनी 1791 मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांना पत्र पाठवून कुळाची माहिती विचारली. वॉशिंग्टन यांनी 1792 मध्ये सौजन्याने उत्तर दिलं, जवळची माहिती कळवली, आणि या विषयाकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही हेही सांगितलं. हर्ड यांनी वंशावळ जुळवली, पण सारख्या नावांच्या गर्दीत एक दुवा चुकला. तो दुरुस्त व्हायला 1889 उजाडलं. हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स या अमेरिकन संशोधकाने इंग्लंडमधली मृत्युपत्रं आणि दफ्तरं चाळून पर्लीच्या धर्मगुरूशी नातं जोडून दाखवलं. जुन्या कागदांत दिवस घालवणाऱ्या अशा माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

कोकणी_वारा
अवांतर: जॉर्ज यांचं घर माउंट व्हर्नन. ते नाव ॲडमिरल व्हर्ननवरून, कारण जॉर्ज यांचे सावत्र भाऊ त्यांच्या हाताखाली लढले होते. आणि व्हर्नन हेही मुळात नॉर्मंडीतल्या गावाचं नाव! वॉशिंग्टनच्या घरालाही गावाचंच आडनाव.

मेरीलँडकर
आता मला या धाग्यावर राहून गेलेली गोष्ट लिहायची आहे. सगळी चर्चा वाडे, मुद्रा, धर्मगुरू यांचीच झाली. पण आज अमेरिकेत वॉशिंग्टन आडनावाची माणसं कोण आहेत?

2000 च्या जनगणनेत हे आडनाव लावणारे 1,63,036 लोक होते. त्यातले सुमारे 90 टक्के कृष्णवर्णीय. जॉर्ज यांना स्वतःचं मूल नव्हतं. 1799 मध्ये माउंट व्हर्ननवर 317 गुलाम होते, त्यातले 123 त्यांच्या मालकीचे. मृत्युपत्रात त्यांनी या 123 जणांना पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त करावं असं लिहिलं. मार्था यांनी 1 जानेवारी 1801 पासूनच त्यांना मोकळं केलं. बाकीच्यांतले बहुतेक मार्था यांच्या पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतले, ते सुटले नाहीत.

इथेच नेहमी गैरसमज होतो. लोक म्हणतात, 'म्हणजे हे सगळे त्या गुलामांचे वंशज'. आकड्यांकडे बघा, ते शक्य नाही. 1865 नंतर मुक्त झालेल्या लाखो माणसांना कागदावर आडनाव लिहायचं होतं. मालकांच्या वह्यांत बहुधा त्यांचं पहिलं नावच असायचं. कुणी जुन्या मालकाचं नाव लावलं, कुणी घरात आधीपासून चालत आलेलं. आणि अनेकांनी वॉशिंग्टन निवडलं.

पुढे कृष्णवर्णीयांचे नामवंत शिक्षणतज्ज्ञ झालेले बुकर टी. वॉशिंग्टन यांची हकीकत ऐका. 1856 मध्ये व्हर्जिनियात गुलामगिरीत जन्म. मुक्तीनंतर शाळेत गेले. हजेरीच्या वेळी प्रत्येक मुलाला दोन नावं, यांना एकच, बुकर. पाळी आली तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, वॉशिंग्टन फर्ग्युसन. पुढे कळलं की आईने लहानपणी टॅलियाफेरो असंही नाव ठेवलं होतं, तेव्हा ते मधे घातलं. त्या मुलाने वर्गात उभं राहून स्वतःला नाव दिलं.

माझ्या कचेरीत एक ज्येष्ठ बाई आहेत, आडनाव वॉशिंग्टन. एकदा नवीन आलेल्या कुणीतरी विचारलं, "राष्ट्राध्यक्षांच्या नात्यातल्या का?" त्या म्हणाल्या, "माझ्या पणजोबांनी हे नाव घेतलं तेव्हा त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. म्हणून ते आमचं आहे." मी तेव्हापासून कुणालाही आडनावावरून मूळ विचारत नाही.

आळूचं_फदफदं
मेरीलँडकर, डोळ्यांत पाणी आलं.

कोकणी_वारा
मी मालकी आणि विरह अशी दोनच खाती मांडून बसलो होतो. हे तिसरं खातं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ज्या गावाशी काही नातं नाही, ज्या कुळाशी रक्ताचा संबंध नाही, त्याचं नाव माणूस हक्काने घेतो. खरं तर विल्यमनेही तेच केलं. पण त्याच्यामागे चार पौंडांचा करार होता, आणि या लोकांना कोणी काही देत नव्हतं.

फलटणचा_पाहुणा
एक शंका. मग 'खरे' वॉशिंग्टन उरलेत का? म्हणजे विल्यमच्या वंशातले?

बखरवाचक
जॉर्ज यांच्या भावांच्या शाखा अमेरिकेत पुढे चालल्या, तिथे वंशज आहेत. पण 'खरे' या शब्दावर मेरीलँडकरांनी वर जे लिहिलंय त्यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

टाइनकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस बाबा माझ्या शेजारी बसून प्रत्येक प्रतिसाद मोठ्याने वाचून घेत होते.

ओल्ड हॉलबद्दल सांगायचं राहिलं. कुटुंबाने ती मिळकत 1613 मध्ये डरहॅमच्या बिशपलाच विकली. म्हणजे जिथून घेतली तिथेच परत गेली! आजचं घर बरंचसं त्यानंतरचं आहे, मधल्या कमानी तेवढ्या जुन्या. एकोणिसाव्या शतकात तिथे मजुरांची बिऱ्हाडं राहायची, एकेका खोलीत एकेक कुटुंब. 1936 मध्ये घर राहण्यालायक नाही म्हणून ठरलं, पाडणारच होते. गावातल्या एका शिक्षकाने माणसं गोळा करून ते वाचवलं. 1955 मध्ये अमेरिकेच्या राजदूतांच्या हस्ते ते खुलं झालं, आणि 1977 मध्ये जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना गावात येऊन झाड लावून गेले. वरच्या मजल्यावर आता ती बिऱ्हाडाची खोली जशी होती तशी मांडून ठेवली आहे. आईला सगळ्यात जास्त तीच आवडली. चूल, खाट, कोपऱ्यात टांगलेले कपडे. ती म्हणाली, "आमच्या चाळीतली खोली अशीच होती."

मेरीलँडकर दादा, तुमच्या कचेरीतल्या बाईंना विचाराल का, त्यांना या गावातलं काही हवंय का? दर 4 जुलैला इथे छोटा समारंभ असतो. आम्ही जाणार आहोत.

मेरीलँडकर
ताई, आजच विचारलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, गावाच्या वेशीवरच्या पाटीचा फोटो मिळाला तर आवडेल. वाड्याचा नको म्हणाल्या, फक्त पाटीचा.

टाइनकाठची
उद्या सकाळी ऊन असेल असं दिसतंय. बाबांना घेऊन जाते आणि पाठवते.